युटाच्या दऱ्याखोऱ्यांत एकटीने, गाडीतच मुक्काम: अनुभव, माहिती, प्रश्न

सांजवारा

ऑक्टोबरमध्ये अकरा दिवस मी एकटीच अमेरिकेतल्या युटा राज्याच्या दक्षिण भागात फिरून आले. डेन्व्हरहून आय-७० हायवेने ग्रीन रिव्हर, तिथून खाली हँक्सव्हिल, कॅपिटल रीफ, बोल्डर, एस्कलांते, मग ॲरिझोनातलं पेज, मॉन्युमेंट व्हॅली, मेक्सिकन हॅट, नॅचरल ब्रिजेस आणि शेवटी मोआब. दहा रात्रींपैकी आठ गाडीत झोपले, दोन मोटेलात. आधी तयारी करताना मराठीत याबद्दल फारसं काही सापडलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

गाडी माझी नेहमीचीच, सुबारू आउटबॅक. मागची सीटं पाडली, त्यावर प्लायवूडचा एक तुकडा टाकून उंचसखलपणा घालवला आणि वर चार इंचांचा फोम. माझी उंची पाच फूट तीन इंच, त्यामुळे पाय लांब करून झोपता येतं. खिडक्यांच्या मापाचे चंदेरी पडदे घरीच कापले. गाडीत झोपणाऱ्याला पहिल्याच रात्री कळतं की आपल्या श्वासात किती पाणी असतं. ब्राइस कॅन्यनच्या जवळ, आठ हजार फुटांवर, सकाळी काचेवरचा बर्फ मी आतून खरवडला. दोन समोरासमोरच्या खिडक्या बोटभर उघड्या ठेवायच्या, कितीही थंडी असो. आणि शेगडी कधीही गाडीत पेटवायची नाही, हीटर म्हणून तर नाहीच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पाण्याचा हिशोब माणशी दिवसाला एक गॅलन असा सांगतात. मी त्याच्या दीडपट घेऊन निघाले आणि कधीही चार दिवसांच्या खाली जाऊ दिलं नाही. सगळं पाणी एका मोठ्या कॅनमध्ये ठेवू नका. एक कॅन गळला तरी बाकीचं राहतं.

पेट्रोलचं तसंच. आय-७० वर ग्रीन रिव्हर ते सलायना हे अंतर शंभर मैलांच्या वर आहे आणि मध्ये एकही पंप नाही, तोही इंटरस्टेट हायवेवर. मग आतल्या रस्त्यांचं काय बोलायचं! हँक्सव्हिलहून हायवे ९५ ने ब्लँडिंगकडे निघालात तर १२० मैल भरवशाचं काही नाही. नॅचरल ब्रिजेसला प्यायचं पाणी मिळतं, पेट्रोल नाही. अर्धी टाकी म्हणजे रिकामी टाकी, हे धरूनच मी चालत होते.

आता मुद्द्याचं. कॅननव्हिल या छोट्याशा गावापासून दक्षिणेला कॉटनवूड कॅन्यन रोड नावाचा कच्चा रस्ता निघतो आणि ४६ मैलांवर हायवे ८९ ला लागतो. फोनमधला नकाशा मला याच रस्त्याने पेजला पाठवत होता, कारण कानाबवरून वळसा घालायचा तर सव्वाशे मैलांहून जास्त. आदल्या रात्री तासभर पाऊस पडला होता. सकाळी मात्र आभाळ स्वच्छ, लख्ख ऊन. डांबर संपतं तिथे पाटी आहे: ओला असताना हा रस्ता पार करता येत नाही. मी पाटी वाचली, ऊन पाहिलं आणि पुढे गेले.

पहिला मैल वाळूचा, घट्ट, छान. मग एक उतार आणि खाली करड्या रंगाची जमीन. स्टीअरिंग अचानक हलकं झालं, म्हणजे हातात असून नसल्यासारखं. गाडी रस्त्याच्या उताराकडे, कडेच्या चराकडे, सावकाश आपली आपण सरकायला लागली. थांबले. खाली उतरले. पहिल्या पावलाला बुटाखाली बोटभर माती, दुसऱ्याला दोन बोटं, पाचव्या पावलाला मी तीन इंच उंच झाले होते आणि प्रत्येक पाय दगड बांधल्यासारखा जड. चाकांकडे बघितलं तर टायरची नक्षी दिसतच नव्हती, चारी चाकं गुळगुळीत करड्या भाकरीसारखी, आणि चाकावरच्या कमानीत माती ठासून भरलेली. अशा वेळी चारी चाकांना ताकद असून काय उपयोग, धरायला काही हवं ना.

वळवायचा प्रयत्न केला असता तर पुढची चाकं चरात गेली असती. म्हणून आलेल्या खुणांवरूनच मागे मागे घेतली. दोनशे फूट असतील, वीस मिनिटं लागली. वर वाळूवर आल्यावर तंबूची लोखंडी मेख घेऊन कमानीतली माती खरवडत बसले होते, तेवढ्यात कॅननव्हिलच्या बाजूने एक म्हातारे गृहस्थ पिकअप घेऊन आले. काच खाली करून त्यांनी माझ्या चाकांकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "उद्या दुपारी." एवढंच. गेले.

मी तसंच केलं. शेजारच्या कोडाक्रोम बेसिन स्टेट पार्कात पैसे भरून एक रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला पुन्हा त्याच उतारावर आले. माझ्या आदल्या दिवशीच्या चाकोऱ्या सिमेंटसारख्या कडक होऊन बसल्या होत्या आणि गाडीमागे धूळ उडत होती. ग्रोव्हनर आर्चपाशी थांबून जेवले. ४६ मैलांत तीन गाड्या भेटल्या.

म्हणून या सगळ्या प्रवासात मला जी गोष्ट सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती सांगते: एक रिकामा दिवस. दोन असतील तर फारच चांगलं. मोठी टायरं, अडकलेली गाडी ओढायचा विंच, छतावरचे दिवे हे सगळं असून ज्याला आजच पोचायचंय तो अडकतो. ज्याच्याकडे पाणी आहे आणि उद्याचा दिवस मोकळा आहे, त्याला ही जमीन बहुतेक वेळा वाट देते.

बाकीचं प्रतिसादांत लिहिते. विचारा.

ओलीमाती

केवढं छान आणि कामाचं लिहिलंयस! मी सॉल्ट लेकला राहते, चार तासांवर हे सगळं असून कधी एकटी गेले नाही. दोन प्रश्न. रात्री मुक्कामाची जागा कशी ठरवायचीस? आणि भीती नाही वाटली?

सांजवारा

ओलीमाती, जागेचं आधी सांगते. बीएलएम म्हणजे ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या जमिनीवर बहुतेक ठिकाणी फुकट मुक्काम करता येतो, साधारणपणे २८ दिवसांत १४ दिवसांपर्यंत. पण नॅशनल पार्कच्या हद्दीत असं कुठेही थांबता येत नाही आणि मोआबच्या आसपास गर्दीमुळे बऱ्याच ठिकाणी ठरवून दिलेल्या जागांवरच थांबावं लागतं. आधीच गाड्या थांबून कडक झालेली, चुलीचे दगड मांडलेली जागा दिसली तरच मी थांबायचे. नवी जागा तयार करायची नाही. तिथल्या मातीवर काळपट, खडबडीत पापुद्रा असतो तो जिवंत आहे: सायनोबॅक्टेरिया, दगडफूल, शेवाळ मिळून झालेला. तोच वाळू धरून ठेवतो. एक चाक गेलं की भरून यायला कित्येक दशकं लागतात.

अंधार पडायच्या दीड तास आधी जागा पक्की झालीच पाहिजे, हा माझा नियम. उजेडात उतरून आसपास एक फेरी मारायची. वर तुटून पडतील अशा मोठ्या फांद्या असतील तर गाडी तिथे लावायची नाही. खाली पाण्याने आणलेला कचरा दिसला तर तो ओढा आहे, तिथेही झोपायचं नाही. गाडी नेहमी निघायच्या दिशेने तोंड करून लावायची, किल्ली कायम एकाच खिशात, ड्रायव्हरच्या सीटवर काही सामान नाही. रात्री गाडीबाहेर न उतरता निघता आलं पाहिजे.

भीती वाटली. दोनदा जागा बदलली. एकदा हँक्सव्हिलच्या उत्तरेला, शेजारी येऊन थांबलेल्या गाडीतल्या माणसाने मी एकटीच आहे का असं विचारलं. कदाचित त्याचा हेतू काहीच नसेल. मी "नवरा मागून येतोय" म्हटलं, पंधरा मिनिटांनी सामान आवरलं आणि वीस मैल पुढे गेले. या बाबतीत मनाला पुरावा मागायचा नाही.

दगडफूल

भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी होतो आणि याच भागात दोन उन्हाळे काढलेत, म्हणून त्या करड्या मातीबद्दल थोडं.

ती बेंटोनाइटयुक्त चिकणमाती. कोट्यवधी वर्षांपूर्वी पडलेल्या ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली. तिच्या कणांचे थर एकमेकांवर अगदी पातळ रचलेले असतात आणि त्या थरांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते. फुगलेली माती चाकाला चिकटते आणि खालच्या मातीवरून घसरते, दोन्ही एकाच वेळी. म्हणून सांजवारांना स्टीअरिंग हलकं लागलं.

ओळखायची खूण सोपी आहे. कोरडी असताना हिचा पृष्ठभाग लाह्या पसरल्यासारखा दिसतो, फुगून सुकून तडकलेला. रंग करडा, जांभळट, हिरवट, आणि वर झाडझुडूप जवळजवळ नाही. चिनले, मॉरिसन, ट्रॉपिक शेल या थरांत ती सापडते. कॉटनवूड रोड ट्रॉपिक शेलवरून जातो, म्हणून तिथे ही गत. याउलट नावाहो सँडस्टोन म्हणजे सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्यांचा दगड झालेला. त्यावर तुम्हाला तिरप्या रेघा दिसतात ना, ते त्या टेकड्यांचे उतार आहेत, त्या काळच्या वाऱ्याची दिशा त्यात वाचता येते. नावाहो झिजला की वाळू होते, आणि ओली वाळू कोरडीपेक्षा चालवायला बरी. म्हणजे पावसानंतर गुलाबी-पांढऱ्या वाळूच्या रस्त्याने फार बिघडत नाही, करड्याने बिघडतं. नकाशावर दोन्ही रस्ते एकाच तुटक रेघेने दाखवलेले असतात, ही खरी अडचण.

चिनलेबद्दल अजून एक. इथलं युरेनियम बरंचसं याच थरांत मिळालं. १९५० च्या दशकात आतल्या आत इतके कच्चे रस्ते झाले ते त्या खाणींसाठी. आपण आज ज्यांवरून हौसेने गाड्या नेतो ते बरेचसे खाणीचे रस्ते आहेत. मोकी डगवे हा रस्ता त्याचंच उदाहरण, सीडर मेसा पठाराकडच्या खाणीतून मेक्सिकन हॅटजवळच्या खनिज दळणाऱ्या गिरणीत माल उतरवायला कड्यात कोरलेला.

सांजवारा

दगडफूल, लाह्यांची खूण अगदी बरोबर! मी फोटो पुन्हा काढून पाहिले, कडेला सगळीकडे तशीच माती होती. हे आधी माहीत असतं तर पाटीपाशीच थांबले असते.

मोकी डगवे मी खालून वर चढले. तीन मैल, अकराशे-बाराशे फूट चढ, खडीचा रस्ता, कठडा नाही. रुंदी पुरेशी आहे, पण समोरून मोठी पिकअप आली की बाहेरच्या बाजूला आपणच असतो. वर पोचल्यावर मागे वळून पाहिलं तर व्हॅली ऑफ द गॉड्सचे सुळके आणि त्यापलीकडे मॉन्युमेंट व्हॅली, सगळं एका नजरेत. रात्र मी खाली व्हॅली ऑफ द गॉड्समध्येच काढली होती. १७ मैलांचा कच्चा रस्ता, मधे कोरडे ओढे ओलांडावे लागतात. त्या रात्री वारा पडला आणि आपल्याच कानातला आवाज ऐकू यायला लागला. दूरवर हायवे १६३ वरून एक ट्रक गेला, त्याचे दिवे मला कितीतरी वेळ दिसत होते, पण आवाज आलाच नाही.

मुसाफिर_७

लेख आवडला. पण पावसाचा निम्मा भागच यात आलाय. तुमच्या अंगावर पडलेला पाऊस तुम्हाला दिसतो, दुसऱ्यांच्या अंगावर पडलेला दिसत नाही.

१२ ऑगस्ट १९९७ रोजी पेजजवळच्या लोअर अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळीत ११ पर्यटक वाहून गेले. त्या घळीवर फारसा पाऊस नव्हताच, वादळ कित्येक मैल वर पडलं होतं. सप्टेंबर २०१५ मध्ये झायन नॅशनल पार्कातल्या कीहोल कॅन्यनमध्ये सात जण गेले. या जमिनीवर माती थोडी आणि उघडा खडक जास्त, त्यामुळे पाणी मुरत नाही, सरळ धावतं.

मी स्वतः एकदा ऑगस्टमध्ये कॅपिटल रीफजवळच्या कच्च्या नोटम रोडवर कोरड्या ओढ्याच्या अलीकडे चहा करत थांबलो होतो. डोक्यावर ऊन. आधी वास आला, ओल्या मातीचा, आणि मला वाटलं कुठेतरी पाऊस पडतोय वाटतं, छान. मग खडी ओतल्यासारखा आवाज. पात्रात पहिल्यांदा पाणी आलंच नाही, काड्या, पाला आणि तपकिरी फेस यांचा गुडघाभर उंचीचा एक बांध चालत आला. त्याच्या मागे पाणी. दहा मिनिटांत छातीएवढं. मी तिथे पाच तास बसून होतो, मग ते उतरलं. पलीकडे जाऊन पाहिलं तर रस्त्याला तीन फुटांची पायरी पडली होती.

पावसाळा इथे जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. हवामान खातं रोज पार्कवार पुराची शक्यता सांगतं, चार पातळ्या असतात: अपेक्षित नाही, शक्य, संभाव्य, अपेक्षित. मी "शक्य" असेल तरी घळीत उतरत नाही. अनेक जण उतरतात. ज्याने त्याने ठरवावं, पण वाहत्या ओढ्यात गाडी घालणं या एका गोष्टीत ठरवण्यासारखं काही नाही.

जुनाजाणता

सांजवारा, लेखन उत्तम आहे, पण मोठेपणाच्या नात्याने बोलतो. मुळात एकटं जाणंच मला पटत नाही. माझं वय ७१. चाळीस वर्षांपूर्वी याच भागात आम्ही दोन गाड्या असल्याशिवाय डांबर सोडत नव्हतो. एक अडकली तर दुसरी ओढते. आज फोन आहे, उपग्रह आहे म्हणून माणसं धाडस करतात. यंत्राने निरोप जातो, माणूस यायला तरी वेळ लागतोच. पाय मुरगळला तर गाडी कोण चालवणार?

सांजवारा

काका, तुमचं म्हणणं मनापासून घेतलं. दोन गाड्या हा उत्तमच मार्ग आहे, आणि कॅनियनलँड्स पार्कातल्या व्हाइट रिम किंवा मेझसारख्या दुर्गम ठिकाणी मीही एकटी जाणार नाही. मेझमध्ये तर चारचाकी ताकद, उंच गाडी आणि चालवणाऱ्याचा पक्का सराव या तिन्हींशिवाय जायचंच नाही.

पण एकटं जाणं आणि कुणाला न सांगता जाणं यांत मी फरक करते. १९३४ मध्ये एव्हरेट रूस नावाचा वीस वर्षांचा चित्रकार मुलगा दोन गाढवं घेऊन एस्कलांतेहून दक्षिणेला गेला. पुढे डेव्हिस गल्चमध्ये त्याची गाढवं सापडली, तो आजतागायत सापडला नाही. तो कुठे आहे हे विचारायचं असं घरच्यांच्या डोक्यात यायलाच महिने गेले. २००३ मध्ये ॲरन राल्स्टन ब्लूजॉन कॅन्यनमध्ये दगडाखाली हात अडकून पाच दिवस होता, शेवटी स्वतःचा हात कापून सुटला. कुठे जातोय हे त्यानेही कुणाला सांगितलं नव्हतं.

मी रोज सकाळी बहिणीला लिहून पाठवायचे: कोणता रस्ता, कुठवर, कोणत्या फाट्यावरून बाहेर, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर काय करायचं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. "काळजी वाटली तर फोन कर" असं नाही, "रात्री नऊपर्यंत निरोप नाही, तर गारफील्ड काउंटीच्या शेरीफला हा नंबर, ही गाडी, हा रस्ता". शेरीफ म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, तो कुठल्या काउंटीचा (जिल्ह्याचा) हे रोज बदलतं, तेही लिहून द्यायचे. कॉटनवूडच्या दिवशी मी बेत बदलला तेव्हा आधी तिला उपग्रहाच्या यंत्रावरून कळवलं, मग माती खरवडायला बसले.

पाय मुरगळण्याचं तुमचं बरोबर आहे. त्याला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे की एकटी असताना मी घळीत एकही अशी उडी मारली नाही जी परत चढता येणार नाही. पीकाबू आणि स्पूकी या दोन घळी बघायला होल-इन-द-रॉक रोडवरून ड्राय फोर्कपर्यंत गेले, पीकाबूच्या तोंडाशी चढायला बारा-पंधरा फुटांचा गुळगुळीत खडक आहे, तिथूनच परत फिरले.

जुनाजाणता

बहिणीला लिहून देण्याची पद्धत चांगली आहे. आम्ही तेव्हा पंपावर सांगून जायचो. राहिलेलं मत माझं तेच आहे, पण तुम्ही विचार करून गेलात हे दिसतंय. सांभाळून जात जा.

चाकोरी

टायरबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. होल-इन-द-रॉक रोड साठ मैलांचा आहे आणि बराचसा पन्हाळी पत्र्यासारखा. टायरमध्ये हायवेची ३५ पीएसआय हवा ठेवून गेलात तर दातसुद्धा खिळखिळे होतील. मी २५ वर आणतो, मऊ वाळूत २० च्या खाली. त्याने टायर पसरतं, धक्के खातं आणि टोकदार दगडावर फाटायची शक्यता कमी होते. अट एकच, परत डांबरावर आल्यावर हवा भरायची, नाहीतर टायर तापतं. म्हणजे बॅटरीवर चालणारा पंप सोबत हवाच.

पंक्चर काढायचं सुई-धाग्यासारखं कीट वीस डॉलरच्या आसपास मिळतं, ते घरी एकदा जुन्या टायरवर वापरून बघा. अंगणात जमलं नाही तर तिथेही जमणार नाही. स्टेपनी पूर्ण आकाराची घ्या. छोटी, बारीक स्टेपनी पन्नास मैल खडीवर टिकत नाही.

आणि भाड्याच्या गाडीने जाणाऱ्यांनी करार वाचा. बहुतेकांत कच्च्या रस्त्यावर न्यायची परवानगीच नसते. तिथे अडकलात तर विमा नाही, आणि आत येऊन ओढून काढणाऱ्याचं बिल हजार डॉलरच्या पुढे सहज जातं.

निळासावळा

फोटो टाका ना! आणि त्या कणसाच्या कोठाराच्या अवशेषांचा उल्लेख तुम्ही दुसऱ्या धाग्यात केला होता, त्याचं जीपीएस मिळेल का? पुढच्या महिन्यात जातोय.

सांजवारा

निळासावळा, व्हॅली ऑफ द गॉड्समधली मुक्कामाची जागा निरोपातून पाठवते. कोठाराची नाही पाठवणार, राग मानू नका. बेअर्स इअर्सच्या भागात अशा जागा हजारोंनी आहेत आणि त्या जुन्या वस्तीच्या लोकांचे वंशज आज आहेत. होपी, झुनी, नावाहो आणि यूट या मूळनिवासी लोकांच्या दृष्टीने ती पूर्वजांची घरं आहेत. मी गेले तिथे मातीच्या लिंपणावर बोटांचे ठसे होते. सातआठशे वर्षांपूर्वी कुणीतरी ओली माती दाबली त्याची बोटं, माझ्या बोटांपेक्षा बारीक. शेजारी जमिनीवर मक्याची सुकलेली कणसं, अंगठ्याएवढी. आणि त्याच्याच भिंतीवर खडूने लिहिलेली एक तारीख, गेल्या वर्षीची. ते बघून मला रडू आलं. तेव्हापासून ठरवलंय, ज्या जागांना पाटी आणि रेंजर आहे तेवढ्याच सांगायच्या. म्यूल कॅन्यन आणि न्यूजपेपर रॉक बघा, दोन्ही सुंदर आहेत. भिंतीला हात लावू नका, रेलू नका.

निळासावळा

पटलं. नाही विचारणार.

केयेंटाची_वाट

मी नावाहो नेशनमध्ये, म्हणजे नावाहो लोकांच्या स्वशासित प्रदेशात, चार वर्षं नोकरी केली, त्याबद्दल थोडं. लोक मॉन्युमेंट व्हॅली बीएलएमची जमीन समजून कुठेही गाडी लावून झोपतात. ती नावाहोंची जमीन आहे, परवानगीशिवाय मुक्काम नाही. जिथे काही दिसत नाही तिथेही कुणाचं तरी चराऊ रान असतं. दारू बाळगायलाही बंदी आहे, गाडीतली बिअरसुद्धा चालत नाही. घड्याळाचं बघा: ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, नावाहो नेशन करतं. उन्हाळ्यात पेजहून केयेंटाला जाताना एक तास गायब होतो आणि अँटिलोप कॅन्यनच्या गाइडच्या वेळेचा गोंधळ होतो. तिकडे गाइडशिवाय सोडतच नाहीत.

आणि पाणी. तिथल्या बऱ्याच घरांना आजही नळ नाही. लोक पिकअपवर टाकी ठेवून मैलोन्मैल लांबून पाणी आणतात. माझ्याबरोबर काम करणाऱ्या बाई दर शनिवारी आणायच्या. त्यामुळे आपले कॅन पेजला किंवा ब्लँडिंगला भरून घ्या, आणि वाटेत कुणी खिडकीशी दागिने घेऊन आलं तर घासाघीस करू नका.

ओलीमाती

एक राहिलंच, विचारायला लाजत होते. शौचाचं काय करायचं?

सांजवारा

लाजायचं काय त्यात, सगळ्यांचा प्रश्न आहे. कोरड्या हवेत मातीत पुरलेलं लवकर कुजत नाही, म्हणून मोआबच्या आसपास बऱ्याच ठिकाणी पिशवीत घेऊन यायचा नियमच आहे. आत जेल बनवणारी भुकटी असलेल्या दुहेरी पिशव्या मिळतात. मी झाकणाची बादली आणि त्या पिशव्या घेऊन गेले, नियम नव्हता तिथेही वापरल्या. कागदसुद्धा त्यातच. गाडीमागे, झाकण घट्ट, वास येत नाही. गावात पोचल्यावर कचऱ्यात.

ओलीमाती

(तीन आठवड्यांनी) मी गेले! एकटी, चार दिवस, एक दिवस रिकामा ठेवून. हायवे १२ वरून एस्कलांते ते बोल्डर, तो दोन्ही बाजूंना दरी असलेला पट्टा आला तेव्हा हात घामेजले होते. तिथून बर ट्रेल नावाच्या रस्त्याने कॅपिटल रीफकडे आत गेले. पार्कच्या हद्दीपर्यंत डांबर आहे, पुढे कच्चा. वळणांच्या वर पोचले तर पूर्वेला हेन्री माउंटन्सवर काळे ढग. अर्ध्या मैलात आठशे फूट खाली उतरणारा रस्ता समोर दिसत होता, आजूबाजूला सगळी वॉटरपॉकेट फोल्ड, म्हणजे खडकांच्या थरांची मोठी घडी. वरच गाडी लावली, कणीक मळून पोळ्या केल्या, पुस्तक वाचलं. चार वाजता खाली दूरवर पाऊस पडताना दिसला, जमिनीपर्यंत पोचायच्या आधीच विरत होता. रात्री झोपायला मागे पार्कच्या हद्दीबाहेर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी परत येऊन चालत पहिल्या दोन वळणांपर्यंत जाऊन आले, बूट कोरडे राहिले, मग गाडी उतरवली.

पण खाली नोटम रोडवर एका सखल जागी थोडा चिखल लागलाच. निघाले त्यातून. आता हायवेवर ६० च्या वर गेलं की स्टीअरिंग थरथरतंय. टायर बघितली, हवा ठीक आहे. काय असेल? उद्या ऑफिस आहे, घरी जायचंय.

चाकोरी

चाकाच्या रिममध्ये आतल्या बाजूला माती सुकून बसली असेल, त्याने चाकाचा तोल जातो. बाहेरून दिसत नाही. आधी चारही चाकांचे नट घट्ट आहेत ना ते बघा. मग नाणी टाकून गाडी धुतात तिथे जा आणि पाण्याचा फवारा चाकाच्या मागून आत मारा, गाडी फूटभर पुढे घेऊन पुन्हा. गुठळ्या पडतील. दहा मिनिटं लागतील, घाई करू नका.

ओलीमाती

टोरीला धुतली. एकेका चाकातून नारळाएवढी माती निघाली, करडी. थरथर गेली. निघतेय.